भरल्या गाडीची चाल

बिरप्पाच्या जुन्या पिकपची शेपूट वर आणि मान खाली, अशी ऐट गेल्या दिवाळीपासून होती. मेंढरं जास्त नेता यावीत म्हणून त्यानं मागच्या दोन्ही चाकांवरच्या स्प्रिंगांना दोन-दोन लोखंडी पाटे वाढवून घेतले होते. धोंडिराम मिस्त्रीनं तेव्हाच बजावलं होतं, "रिकामी पळवशील तवा मला शिव्या देशील." पण हौसेला मोल नसतं. बिरप्पानं ऐकलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच रिकाम्या गाडीतून तो मायाक्काला, आपल्या बायकोला, तपासायला सोलापूरला घेऊन निघाला. सहावा महिना होता. आधीची दोन पोरं पोटातच गेलेली. गाडी खड्ड्याखड्ड्याला उडत होती आणि मायाक्का ओठ दाबून बसली होती. मंगळवेढा ओलांडेपर्यंत तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात ठेवून घेतलं, म्हणून निभावलं. ते धक्के आपल्या हौसेनं दिले, हे बिरप्पाच्या काळजातून जात नव्हतं.

आज बावीस मेंढरं घेऊन तो सोलापूरच्या बाजारात शिरतोय तोच दवाखान्यातून फोन आला. "घरी न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण धक्का अजिबात लागू देऊ नका."

त्यानं तशीच गाडी बाजाराजवळच्या मिस्त्रीच्या दारात नेली.

"मिस्त्री, वाढवलेले पाटे काडा. आत्ताच."

"बोल्ट गंजल्यात. उद्या सांज हुईल." मिस्त्री वाकून गाडीखाली बघत म्हणाला, "आन् काडतोस कशाला? मेंढरं हायत तर पाटा कसा गप बसलाय बघ की. त्यो वझ्याला नमतो, रिकाम्याला न्हाय."

बिरप्पानं मागं पाहिलं. मेंढरं निवांत रवंथ करत होती. तो पुन्हा बाजाराकडे वळलाच नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी लावून, पुढच्या सीटवर घोंगडी अंथरून त्यानं मायाक्काला बसवलं.

"इकली न्हाईत व्हय?"

"भाव पडलाय," तो खोटंच म्हणाला.

गाडी निघाली. खड्डे येत होते आणि चाकांखालून मुकाट जात होते. उन्हात ज्वारी डुलत होती, मागून लोकरीचा ऊबदार वास येत होता आणि गाडी झोळीसारखी हलत होती. सायकलीसुद्धा पुढे निघून जात होत्या. बिरप्पाला वाटलं, आपण चालवतच नाही. मेंढरंच आपल्याला पाठीवर घेऊन माळावरून हळूहळू चालली आहेत. मायाक्का पोटावर हात ठेवून झोपली होती. गाडीत आपण तिघं आहोत, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

वाडीच्या बिरोबाच्या देवळापाशी ती जागी झाली.

"रस्ता कवा केला?"

"कालच."

तिनं वळून मेंढरांकडे पाहिलं. मग बराच वेळ नवऱ्याकडे पाहिलं. दोनदा पोळल्यापासून ती उद्याच्या पुढचं कधी बोलत नसे.

"पंधरा दिसांनी परत बोलवलंय," ती म्हणाली. "ह्यातलं एक बी इकू नगा. बाळाला घिऊन येताना बी हीच लागत्याल."