लाँड्री सुनेला

धुलाईवाल्या मावशींनी बहात्तराव्या वर्षी मृत्युपत्र करायचं मनावर घेतलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, चांगली धडधाकट आहेस. आत्ताच कशाला?"

"धडधाकट आहे म्हणूनच. नंतर केलं तर म्हणाल, म्हातारीला भ्रम झाला होता."

मावशींची लाँड्री कोर्टामागच्या गल्लीत. नवरा गेल्यावर एका इस्त्रीवर सुरू केलेला धंदा. आता तीन मोठी मशीनं घरघरत होती. अर्ध्या कोर्टाचे काळे कोट त्यांच्याच हातून जात, त्यामुळे वकिलांना तोटा नव्हता. मुलाला घेऊन त्या आधी सगळ्यात नावाजलेल्या वकीलसाहेबांकडे गेल्या.

साहेबांनी मुलाला खुर्ची दिली आणि त्यालाच विचारलं, "आईंची काय इच्छा आहे?"

"आई इथंच बसलीय," मुलगा ओशाळून म्हणाला.

मावशींनी सांगितलं, राहतं घर मुलाला आणि लाँड्री सुनेला. साहेब हसले. "चालता धंदा सुनेच्या हातात? मावशी, सून ती सून. मुलाच्या नावावर करा."

"साहेब, गेल्या वर्षी तुमचा कोट खिळ्याला अडकून फाटला होता. रफू माझ्या सुनेनं केलं. कुठं केलंय, दाखवा बरं."

साहेबांनी नकळत बाही वर करून पाहिली, मग दुसरी. रफू काही सापडेना. मावशी उठल्या आणि जिना उतरल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्या एका तरुण वकीलबाईंकडे गेल्या. दोन जिने वर, एवढीशी खोली, फायलींच्या मधून वाट काढत खुर्ची गाठायची. बाईंनी आधी मुलालाच बाहेर बसवलं. "राग मानू नका. मुलानं समोर बसून लिहून घेतलं, असं उद्या कुणी म्हणायला नको."

मावशींना ते आवडलं. तरी त्यांनी विचारलंच, "बाई, तुमच्या हातून कधी चूक झालीय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "झालीय. पहिल्याच वर्षी. एका आजोबांच्या मृत्युपत्रात ज्याला वाटा मिळणार होता त्यालाच मी साक्षीदार केलं. लक्षात आलं तशी त्या आजोबांच्या घरी गेले, माफी मागितली आणि कागद नव्यानं करून दिला."

डाग कशाचा आहे ते खरं सांगणाऱ्याचाच डाग नीट निघतो, हे मावशींना चाळीस वर्षांत पुरतं कळलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि टेकून बसल्या. "लिहा."

"लाँड्री सुनेलाच का? तुमच्या शब्दांत सांगा."

"माझं खुब्याचं हाड मोडलं होतं. चार महिने अंथरुणात. गिऱ्हाइकं तुटणार म्हणून मी रोज रडायची. या पोरीनं एक रुमाल हरवला नाही, वर हॉस्पिटलच्या चादरींचं काम मिळवलं. आणि मी काठी टेकत दुकानात गेले, तर गल्ल्यावरून उठली, खुर्ची पुसली नि म्हणाली, 'आई, बसा.' " मावशींनी मान ताठ केली. "असं माणूस मी घडवलंय, बाई. कुणाला सांगायला लाजू कशाला?"

बाईंनी ते तसंच उतरवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाहेर आल्यावर मावशींनी मुलाला विचारलं, "तुला वाईट वाटलं?"

"थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आई, मला शर्टाची घडीसुद्धा धड घालता येत नाही. ते तिनं कमावलंय." मग हळूच म्हणाला, "कालच्या साहेबांचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं हं!"

दोघंही जिन्यातच हसत सुटले.

दुकानात सून चादरींच्या गठ्ठ्यांना गाठी मारत होती. मावशींनी तिला तिथंच सांगून टाकलं. "आई, आत्ता काही बोलू नका. गाडी येईल इतक्यात," ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. पुढची गाठ मात्र तिला तीनदा बांधावी लागली.

तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक आलं आणि मावशींना म्हणालं, "मालकीणबाई, कोट उद्या मिळेल का?"

मावशींनी सुनेकडे बोट केलं. "तिला विचारा. मी अजून खुटखुटीत आहे, पण मालकीण ती."