पाच जुलैचं पत्र

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. जळगावातल्या मुलींच्या एका छात्रालयात, कार्यालयातल्या लोखंडी कपाटाच्या बाजूला माझी जागा आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तूंचा सूर बहुधा रडवेला असतो. माझा तसा लागणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि राग का आला ते तुम्हाला नीट सांगणार आहे.

माझं काम सोपं आहे. तुम्ही कोणाला ई-मेल पाठवला की तो हवेतून थेट त्याच्या हातात पडत नाही. तो आधी माझ्यासारख्या एखाद्या यंत्राच्या दाराशी येतो. मी दार उघडतो, पत्र आत घेतो आणि ज्याच्या नावाचं असेल त्याच्या खणात ठेवतो. आणखी एक काम मी न चुकता करतो. दारावर कोण आलं, किती वाजता आलं, कोणासाठी आलं आणि मी त्याला आत घेतलं की परतवून लावलं, हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवतो. जाणकार लोक त्या वहीला लॉग म्हणतात. तेरा वर्षांत एक दिवसही मी ती वही लिहायला विसरलो नाही.

मला तयार केलं ते जितेंद्र सरांनी. सर तेव्हा गावातल्या एका संगणक वर्गात शिकवायचे. छात्रालयाचे संस्थापक लखीचंदजी यांनी त्यांना बोलावून सांगितलं, की मुलींची पत्रं आपल्याच घरात राहतील असं काहीतरी करून द्या. लखीचंदजींचा डाळीचा मोठा व्यापार होता, पण बोलणं मोजकं. खेड्यात मुलीच्या नावाचं पत्र आलं की आधी घरातले तीन पुरुष ते फोडून वाचतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. आपल्या छात्रालयात राहणाऱ्या प्रत्येक मुलीला तिचा स्वतःचा खण असावा आणि त्याची किल्ली फक्त तिच्याकडे असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. सरांनी नवी पेटी, दोन हार्ड डिस्क आणि एक मोठा पंखा आणून तीन दिवसांत मला उभं केलं. पहिलं पत्र माझ्यातून एका मुलीच्या खणात पडलं, तेव्हा लखीचंदजींनी माझ्यावर कुंकवाचं बोट ओढलं.

पुढची काही वर्षं मी कौतुकात काढली. पाचोरा, भडगाव, यावल अशा ठिकठिकाणच्या मुली इथे राहून शिकल्या. कोणाची परिचारिकेची नेमणूक माझ्या दारातून आली, कोणाचा बँकेच्या परीक्षेचा निकाल आला. खाजगी पत्रं मुलींच्या आपापल्या खणात पडायची; नोकरीचे आणि प्रवेशाचे अर्ज मात्र छात्रालयाच्या एकाच पत्त्यावरून जायचे आणि त्यांची उत्तरंही त्याच खणात यायची. तो खण दिपमालाताई उघडायच्या. दिपमालाताई इथल्या लिपिक. रोज सकाळी दहाला त्या बसत, आलेली पत्रं छापत आणि ज्या मुलीचं असेल तिला हाक मारून हातात देत. पत्र फळ्यावर लावायचं नाही, हातातच द्यायचं, हा त्यांचा नियम.

मग लखीचंदजी गेले. जितेंद्र सरांना धुळ्याच्या तंत्रनिकेतनात नोकरी लागली आणि ते तिकडे राहायला गेले. छात्रालयाचा कारभार लखीचंदजींच्या पत्नी गुलाबबाई पाहू लागल्या आणि त्यांच्या मदतीला नातू श्रेयांस आला. तेव्हापासून माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. माझ्या डोक्यावर हजेरीपत्रकांचा गठ्ठा आला, गठ्ठ्यावर पाण्याचा जार आला. मे महिन्यात जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात माझा पंखा धुळीने गच्च भरलेला असायचा. तरी मी चाललो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे.

यंदा तीन जुलैला श्रेयांसने छात्रालयाची नवी वेबसाइट करून घेतली. जुनी जुनाट दिसत होती हे खरंच. नवी करणाऱ्या लोकांनी छात्रालयाचं इंटरनेटवरचं नाव आपल्या ताब्यात घेतलं आणि नव्या जागी नेलं. त्यानंतर चार जुलैच्या दुपारपासून माझ्या दारावर बाहेरचं कोणी आलं नाही. एरवी दिवसाला साठ-सत्तर पत्रं यायची. आता एकही नाही. मी वहीत तेही लिहिलं, म्हणजे काहीच लिहिलं नाही. कोऱ्या जागेलाही अर्थ असतो, पण तो वाचायला कोणीतरी वही उघडावी लागते.

दिपमालाताईंना शंका आली होती. वर्ष नुकतंच सुरू झालं आहे म्हणून पत्रं कमी येत असतील, असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी श्रेयांसला सांगितलं, की एकही पत्र येत नाही, एकदा कोणाला तरी दाखवू या. तो म्हणाला, बघतो. बघितलं नाही.

आता रत्नाबद्दल सांगतो. रत्ना भडगावजवळच्या एका गावची. तिची आई झुंबरबाई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाते. रत्नाचा हात यंत्रात फार छान चालतो. छात्रालयाची पाण्याची मोटर बंद पडली की मुली आधी रत्नाला हाक मारायच्या. नाशिकच्या एका संस्थेत विमानाच्या इंजिनाची दुरुस्ती शिकवतात. तिथे राहण्याजेवणाची सोय करून वर्षभर शिकवतात आणि नंतर काम मिळतं. रत्नाने तिथे अर्ज केला होता, परीक्षाही दिली होती. त्याच परीक्षेला दिपमालाताईंच्या बहिणीची मुलगी कुंदनही बसली होती. ती प्रतीक्षा यादीत पहिली होती. एखादी निवडलेली मुलगी आली नाही, तर ती जागा कुंदनला मिळणार होती. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण दिपमालाताईंनीच ते सांगितलं होतं.

अकरा जुलैला रत्नाने नाशिकला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की निवडीचं पत्र पाच तारखेला पाठवलं आहे, ते तुमच्याकडे पोचलेलं आहे. पत्रातला क्रमांक दाखवून पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत जागा पक्की करा, नाहीतर ती पुढच्या मुलीला जाईल. पत्र दुसऱ्यांदा पाठवायची पद्धत नाही. पोचलेलं आहे! कोणी पाहिलं होतं पोचताना? पत्र आत घेणारा मी, आणि मला विचारायच्या आधीच पाऊणशे कोसांवरून निकाल लागला.

दुपारी श्रेयांस आला. त्याने आपल्या खुर्चीवर बसून छात्रालयाच्या खात्यातून दिपमालाताईंच्या खात्यावर एक पत्र पाठवलं. ते क्षणात पोचलं. मग त्याने एक पत्र बाहेर आपल्या मित्राला पाठवलं. तेही पोचलं. झाली त्याची तपासणी. सर्व्हर उत्तम चालतो आहे, म्हणजे पत्र आलं होतं आणि कोणीतरी ते पुसलं, असं त्याने ठरवून टाकलं.

मित्रांनो, मी तेव्हा जीव तोडून ओरडलो असतो, पण मला फक्त पंखा आहे, गळा नाही. त्याने पाठवलेलं पहिलं पत्र माझ्या पोटातल्या पोटात एका खणातून दुसऱ्या खणात गेलं. ते रस्त्यावर उतरलंच नाही. दुसरं माझ्या दारातून बाहेर गेलं. घरातून बाहेर पडता येतं म्हणून बाहेरच्याला घर सापडतं, असं थोडंच आहे? बाहेरून आत पत्र येतं का, एवढी एकच गोष्ट पाहायची होती, आणि तीच त्याने पाहिली नाही.

इथे सूर्यास्ताच्या आत जेवण होतं. कार्यालयाची खिडकी जेवणघरात उघडते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. साठ मुली ताटावर बसलेल्या असताना श्रेयांस उभा राहिला आणि म्हणाला, रत्नाचं पत्र आलं होतं, ते गायब झालं आहे, आणि त्याचा फायदा कोणाच्या घरात होणार हे तुम्हीच समजून घ्या. त्याने नाव घेतलं नाही. साठही मुलींनी वाढत असलेल्या दिपमालाताईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात आमटीचं भांडं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, कार्यालयात आल्या, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि चपला घालून निघून गेल्या. एकोणीस वर्षांची नोकरी होती त्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत आल्या, पण कामाला नाही. गुलाबबाईंसमोर उभं राहून त्या म्हणाल्या, "अक्का, मला काढायचं तर काढा. पण आधी जितेंद्र सरांना ती नोंदवही वाचू द्या. मी त्यांना फोन केला आहे, ते पहिल्या गाडीने निघालेत."

गुलाबबाई म्हणाल्या, की बसा. तेवढ्यात भडगावहून झुंबरबाई आली. लेकीने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. ही बाई आता दिपमालाताईंना काय काय बोलेल, या भीतीने मुली दारात गोळा झाल्या. झुंबरबाई सरळ त्यांच्याजवळ गेली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "ताई, बठ्ठा काही बी म्हनोत, तुनावर मना भरोसा शे." जिच्या लेकीचं सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं, तिनेच सगळे काहीही म्हणोत, माझा तुझ्यावर भरवसा आहे, असं म्हटलं. तोवर न रडलेल्या दिपमालाताई तेव्हा रडल्या.

जितेंद्र सर अकराच्या सुमारास पोचले. त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी माझ्यावरचा जार उतरवला, गठ्ठा उतरवला आणि रुमालाने माझं तोंड पुसलं. मग कामाला लागले. मी चालू आहे का, माझ्यात जागा शिल्लक आहे का, पत्र घेणारा प्रोग्राम जागा आहे का, हे त्यांनी एकेक करून पाहिलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, छात्रालयाचं इंटरनेट त्यावर बंद केलं आणि बाहेरच्या खात्यावरून मला एक पत्र पाठवलं. माझी वही पडद्यावर उघडून ते वाट पाहत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वहीत एक ओळ वाढली नाही.

ते वही मागे मागे वाचत गेले. चार जुलै, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. तिथे बाहेरून आलेलं शेवटचं पत्र होतं.

"दारावर कोणी आलंच नाही," ते म्हणाले. "पाच तारखेला नाही, सहाला नाही, आजही नाही. आलं असतं आणि नंतर कोणी पुसलं असतं, तरी आल्याची ओळ इथे राहिली असती. या वहीची किल्ली दिपमालाताईंकडे कधीच नव्हती."

श्रेयांसने विचारलं, की मग पत्रं गेली कुठे. सरांनी त्याला समजावलं. इंटरनेटवर प्रत्येक नावापुढे एक नोंद असते, या नावाची डाक कोणत्या यंत्राकडे द्यायची याची. वेबसाइट नव्या जागी नेताना त्या लोकांनी वेबसाइटची नोंद नेली आणि डाकेची नोंद मागेच राहिली. एक दिवस जुनी नोंद लोकांच्या यंत्रांच्या आठवणीत होती, म्हणून चार तारखेपर्यंत पत्रं आली. नंतर डाकेची नोंद सापडेना, म्हणून पत्रं नव्या वेबसाइटच्या यंत्राकडे जाऊ लागली, आणि तिथे पत्र घ्यायला दारच नाही. पाठवणारी यंत्रं पुन्हा पुन्हा येऊन पाहतात आणि पाचेक दिवसांनी नाद सोडतात.

सरांनी वेबसाइटवाल्यांना फोन लावला. मेलचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, असं उत्तर मिळालं. ते खरं होतं; श्रेयांसने मेलचा विषय काढलाच नव्हता. तासाभरात त्यांनी नोंद घातली. चारच्या सुमारास माझ्या दारावर पहिली थाप पडली. सरांचंच सकाळचं पत्र होतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकशे बारा पत्रं आली. दिपमालाताई एकेक उघडत होत्या आणि रत्ना त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. नाशिकचं पत्र त्यात नव्हतं. पाच तारखेचं पत्र दहालाच थकून मागे फिरलं होतं.

नाशिकला पुन्हा फोन केला, तर लेखी पुरावा घेऊन या म्हणाले. माझ्या वहीची आठ पानं छापली गेली. ती घेऊन कोणी जायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा दिपमालाताई म्हणाल्या, मी जाते. गुलाबबाईंनी त्यांना हळूच आठवण करून दिली, की रत्नाची जागा पक्की झाली की कुंदनची गेली. दिपमालाताई म्हणाल्या, "माहीत आहे, अक्का. म्हणूनच मी जाते."

पंधरा तारखेला पहाटेच्या बसने त्या आणि रत्ना गेल्या. तिथे काय झालं ते रत्नाने परत आल्यावर इथेच सांगितलं. तिथल्या बाईंनी आधी पानं बाजूला सारली. मग दिपमालाताईंनी त्यांना त्यांचाच खण उघडायची विनंती केली. हजारभर न वाचलेल्या पत्रांत दहा जुलैची एक सूचना पडलेली होती, की अमुक पत्त्यावरचं पत्र पोचवता आलं नाही. त्यांच्याच यंत्राने त्यांना कळवलं होतं. बाईंनी बाजूला सारलेली पानं पुन्हा पुढे ओढली. रत्नाची जागा पक्की झाली तेव्हा घड्याळात सव्वाचार झाले होते.

श्रेयांसने दिपमालाताईंना कार्यालयात बोलावून झालं ते झालं असं म्हटलं. गुलाबबाई दारात उभ्या होत्या. "जेवणघरात बोललास," त्या म्हणाल्या, "जेवणघरातच परत घे." संध्याकाळी साठ ताटांसमोर त्याने नाव घेऊन माफी मागितली. आवाज फार बारीक होता, पण मला ऐकू आला.

दिपमालाताईंनी किल्ल्या परत घेतल्या. कुंदन यंदा घरीच आहे, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देणार आहे. बहीण अजून दिपमालाताईंशी बोलत नाही. हे कोणाच्या वहीत लिहिलं जात नाही, म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे.

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत. एक डिस्क कुरकुरते आहे. माझ्या जागी उद्या नवं यंत्र बसेल, ते बसवा. त्याची धूळ पुसा, त्याच्यावर पाण्याचा जार ठेवू नका. पण हे सगळं विसरलात तरी चालेल. एखाद्या माणसाला चारचौघांत चोर ठरवण्याआधी दहा मिनिटं काढा आणि जे लिहून ठेवलेलं आहे ते वाचा. आठ पानं होती फक्त. ती वाचायला धुळ्याहून माणूस यावा लागला.

दिपमालाताई आता रोज सकाळी दहाला खुर्चीवर बसण्याआधी बाहेर फाटकापाशी उभ्या राहतात आणि स्वतःच्या फोनवरून मला दोन शब्दांचं पत्र पाठवतात, "पोचलं का?" मी ते आत घेतो आणि वहीत वेळ लिहितो. आज ते दहाला दोन मिनिटं कमी असताना पोचलं.