चतुर्थीच्या भांड्यात सुंगटं

बुडाशी काळं आणि आतून पांढरंशुभ्र असं एक जुनं तांब्याचं मोदकपात्र म्हणजे मी, मित्रांनो. माझ्या डाव्या अंगाला एक पोचा आहे. तो पडल्याझडल्याचा नव्हे, जन्माचा आहे. डिचोलीच्या ज्या कासारानं मला घडवलं, तो हातोडी चालवता चालवता शेजारच्या दुकानदाराशी वाद घालत होता. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हा त्या दिवसांतला वाद. एका मुद्द्याला त्याचा पारा चढला आणि प्रसाद मला मिळाला! मला विचाराल तर वाफेला कुठलीच भाषा परकी नाही. पण भांड्याला विचारतो कोण?

गोवा राज्य झालं त्याच वर्षी मुळगावच्या शेवंतीचं लग्न झालं आणि तिच्या वडिलांनी मला तिच्याबरोबर धारगळला पाठवलं. तिथं माझी जागा ठरली शिवराक, म्हणजे शाकाहारी, भांड्यांच्या फळीवर. आमच्याकडे ही रीत कडक. ज्या भांड्यात देवाचा नैवेद्य शिजतो, त्याला मासळीचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही. नुस्त्याची, म्हणजे मासळीची, भांडी वेगळी, त्यांची फळी वेगळी, घासायचा काथ्यादेखील वेगळा. नागपंचमीला मी हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडत असे आणि चतुर्थीला मोदक. बाकी वर्षभर आराम. शेवंती मला चिंचेनं घासायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "माज्या बापायचां आयदान ह्यां." तेव्हा मला धन्य धन्य वाटायचं.

पुढे तिचा मुलगा प्रज्योत मोठा झाला. त्यानं घरापुढेच, हमरस्त्याच्या कडेला रेस्टॉरंट काढलं. स्वयंपाकघर सांभाळायची त्याची बायको गौरवी. तिनं पणजीच्या एका हॉटेलात काम केलेलं, त्यामुळे नवनवे पदार्थ तिच्या बोटांवर होते. त्यातला एक म्हणजे सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डंपलिंग. तांदळाची उकड, आत बारीक चिरलेली सुंगटं, आलं, मिरची, आणि वर वाफ. जेवणाआधी मागवायचा हलका पदार्थ. गावातली गिऱ्हाइकं त्यांना सरळ 'सुंगटांचे मोदक' म्हणायची, आणि शेवंती चिडायची. "मोदक म्हणू नकात रे तेंका! देवाचां नाव तां."

आता ऐका, माझ्यावर काय बेतलं ते.

त्या दुपारी शेवंती माहेरी गेली होती. रेस्टॉरंटात गोकुळदास नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. नुकतेच इस्पितळातून सुटले होते आणि मुलगी सुलोचना त्यांना घरी कोरगावला नेत होती. चेहरा सुकलेला, हात थरथरणारे. सुलोचना गौरवीला म्हणाली, "कितकेशे दीस जाले, बाबांक अन्न जायना. हलक्याशां कायतरी दी गे."

म्हाताऱ्यांनी कार्डावर बोट ठेवलं. "ही सुंगटां उकडलेली मा? मगे माका हीच जाय."

गौरवी हो म्हणून आत गेली. डंपलिंग उकडायच्या भांड्यातलं पाणी आटून त्याचं बूड जळालं होतं. तिनं टोपाला फडकं बांधून पाहिलं, तर डंपलिंग फडक्याला चिकटून फुटली. बाहेर म्हातारे आशेनं दाराकडे बघत बसलेले. गौरवी मागच्या दारानं घरात धावली, फळीपुढे क्षणभर थबकली, आणि तिनं मला उचललं.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? ती सुंगटं माझ्यात ठेवली गेली तेव्हा मी रडकुंडीला आलो. आता कसली फळी आणि कसली चतुर्थी! पण वाफ धरणं हा माझा धर्म. मी ती धरली, एकही डंपलिंग फुटू दिलं नाही. गोकुळदासांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, मग दुसरा घेतला. सुलोचनानं पदरानं डोळे पुसले. दाराआडून बघणाऱ्या गौरवीचेही भरून आले.

पण प्लेट रिकामी झाली आणि तिला भीतीनं घेरलं. मला परत फळीवर ठेवावं तर देवाशी लबाडी, आणि सासूला सांगावं तर तोंड उघडेना. माहेरच्या भांड्याचं असं झालेलं ऐकून ती आपल्याला कधी क्षमा करील का, हाच तिला घोर. तिनं मला खोपीत नारळाच्या सोडणांमागे लपवलं आणि शेवंतीनं विचारल्यावर सांगितलं, "कल्हय गेली तेची." नागपंचमीच्या पातोळ्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात झाल्या. इकडे माझ्या अंगावर हिरवा कळंक चढत होता. गौरवी सोडणं न्यायला यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. ती पोरगी माझ्यादेखत सुकत गेली.

चतुर्थी जवळ आली तशी शेवंती म्हणाली, "चल गे डिचोलीक, कल्हय करून हाडूया." झालं! बसमध्ये मी गौरवीच्या मांडीवर होतो आणि तिच्या हातांचा घाम मला लागत होता.

यशवंत कल्हईवाल्यानं झाकण काढून आत पाहिलं. "वैनी, कल्हय बरी आसा ही. गेली म्हणान कोणी सांगलां?"

शेवंतीनं वळून सुनेकडे पाहिलं. गौरवीला हुंदका फुटला. "मियां खोटां सांगलां, आई. ह्येच्यात सुंगटां उकडली मियां."

"कोणाक?"

"एका दुखणेकऱ्या म्हाताऱ्याक. तेच्या गळ्याखाली दुसरां काय उतरत नाय होतां."

"खाल्यान मा तेणी?"

"सगळी खाल्यान."

शेवंतीनं माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "मातयेचां मडकां बाटलां तर फोडूचां लागता. तांब्याक आग पुरे. यशवंता, पयली कल्हय जाळून काड आणि नवी चडय." आणि मग सुनेला, "भुकेल्याक घातलंस, देव तेचो राग करूचो ना. पुण माका सांगूक भिलंस, तां माका लागलां." एवढं बोलून तिनं आपल्या पदरानं गौरवीचे डोळे पुसले.

यशवंतानं भाता मारला. नवसागराचा पांढरा धूर उठला, जुनं कथील गेलं, नवं चढलं. अंगाची आग होत होती, पण मित्रांनो, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. परत येताना शेवंतीनं बाजारातून सुंगटांसाठी एक वेगळं भांडं घेतलं, आणि तेही स्वतः निवडून.

चतुर्थीला गौरवीनं माझी एक कडी धरली, पण मला चुलीवर चढवायचं तिला धाडस होईना. शेवंतीनं दुसरी कडी धरली.

तेव्हा एवढंच सांगतो. आम्हा भांड्यांना चिंचेनं घासा, वेळेवर कल्हई करा, आम्ही जन्मभर साथ देऊ. पण हातून चूक झाली तर आम्हाला अंधारात लपवू नका. डाग आगीत जातो; कळंक चढतो तो लपवल्यानं. आणि घरात कुणी तुमच्याकडे चूक सांगायला भीत असेल, तर दुसरी कडी तुम्ही धरा.