मिसेस अँबरींची तपकिरी शाल

म्हातारा राजा वेडा झाला होता आणि युवराज त्याच्या नावानं कारभार पाहत होता, त्या काळातल्या इंग्लंडवर हेस्टर लोव कादंबऱ्या लिहायची. वीसेक वर्षं तिनं हाच उद्योग केला होता. बॉलरूम, बग्ग्या, घरंदाज मुली, कर्जबाजारी पण देखणे सरदार, हे सगळं तिला आता डोळे मिटून लिहिता येई, आणि मधली काही पुस्तकं तिनं तशीच लिहिली होती असं तिला स्वतःलाच वाटे. त्यामुळे या वेळी तिनं नाटकवाल्यांवर लिहायचं ठरवलं, तेव्हा तिचा प्रकाशक धास्तावला. मग तिनं मिसेस अँबरींची गोष्ट सांगितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

गोष्ट अशी होती. यॉर्कशरमधल्या स्केल्बी गावात एक लहानसं थिएटर आहे. त्याच काळातल्या एका हिवाळ्यात तिथं फिरती नाटक कंपनी उतरली होती आणि मिसेस अँबरी तिच्यातली मुख्य नटी होती. एका जहागीरदारानं तिला तिथं पाहिलं आणि रोजनिशीत लिहून ठेवलं की थिएटरात जेमतेम दहा-बारा डोकी होती, कंजूष मॅनेजरनं दोनच मेणबत्त्या लावल्या होत्या, बाईच्या अंगावर तिचीच तपकिरी शाल होती, आणि नाटकाच्या अगदी शेवटच्या वाक्याला तिची वाचाच बसली. बिचारी तोंड मिटून उभी राहिली आणि मग आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी साहेब शिकारीसाठी पुढच्या गावी गेले. पुढे त्यांच्या नातवानं ती रोजनिशी छापली आणि स्केल्बीला एक दंतकथा मिळाली. गावातल्या पबमध्ये आजही कोणी बोलता बोलता अडखळला की म्हणतात, ‘याची अँबरी झाली.’

हेस्टरच्या कादंबरीचं बारावं प्रकरण म्हणजे हाच प्रसंग होता. रिकामी बाकं, विझत आलेल्या मेणबत्त्या, शालीचं टोक मुठीत धरून उभी असलेली बाई. प्रकाशकाच्या कचेरीत ते वाचून दोघी-तिघी रडल्या होत्या. हेस्टर स्वतः लिहिताना रडली होती, पण तिचं कारण वेगळं होतं आणि ते तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी हेस्टर नटी होती. समुद्रकाठच्या एका गावातल्या कंपनीत तिला मोलकरणीचं काम मिळालं होतं. एका रात्री चहाचा ट्रे घेऊन ती रंगमंचावर आली आणि तिचं वाक्य गेलं. आठवेना म्हणजे आठवेचना. तिनं विंगेकडे पाहिलं तर प्रॉम्प्टरची खुर्ची रिकामी. प्रेक्षकांतून कोणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले, आणि शेवटी पडदा पाडावा लागला. त्यानंतर हेस्टर रंगमंचावर चढली नाही. नवऱ्याला तिनं सांगितलं होतं की नाटकात पैसा नव्हता. चाळीसेक वर्षांनी रोजनिशीत मिसेस अँबरी भेटल्या तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला कोणीतरी सोबतीला आहे. मिसेस अँबरी त्या फजितीनंतरही दुसऱ्या गावी, तिसऱ्या गावी कामं करत राहिल्या होत्या. हेस्टरला त्यांचा हेवाही वाटायचा आणि त्यांच्यावर मायाही होती.

थिएटर नीट पाहावं म्हणून ती थंडीत स्केल्बीला येऊन राहिली. मधली शंभरेक वर्षं तिथं लोकरीचे गठ्ठे पडले होते, आता गावातल्या हौशी मंडळींनी ते पुन्हा उभं केलं होतं. रंगमंच प्रेक्षकांच्या बाजूला इतका उतरता होता की नवख्याचे पाय आपोआप पुढे पळत. मंडळाचा दिग्दर्शक डेझमंड, भूगोलाचा निवृत्त मास्तर, नेमकं मिसेस अँबरींचंच ते जुनं विनोदी नाटक बसवत होता. हेस्टरला हे घबाडच मिळालं. ती रोज मागच्या बाकावर बसायची, थर्मासमधला चहा प्यायची आणि टिपणं काढायची. हळूहळू तिला अख्खं नाटक पाठ झालं.

थोरल्या बाईसाहेबांची, म्हणजे मिसेस अँबरींचीच, भूमिका विनी करायची. विनीचं बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं आणि सगळ्या गावाचे खोकले तिला माहीत होते. प्रयोगाच्या आधीच्या रविवारी तिचाच घसा बसला.

डेझमंड हेस्टरसमोर येऊन उभा राहिला. ‘तू रोज ओठ हलवत बसतेस ते काय मला दिसत नाही? आजची तालीम तेवढी निभावून ने.’

हेस्टर म्हणाली की आपण लेखिका आहोत. डेझमंड म्हणाला की त्याला तो काय करणार, चढ वर. घसा बसलेल्या विनीनं खुणेनंच तिला ढकललं.

त्याच दिवशी लंडनहून ज्युलियन आला होता. हा हेस्टरचा नवा संपादक, वयानं तिच्या मुलाएवढा, हुशार, आणि जगात सगळ्या गोष्टी पुस्तकांसाठीच घडतात अशी त्याची प्रामाणिक समजूत. बाराव्या प्रकरणाची जागा त्याला डोळ्यांनी पाहायची होती. तो सज्जात जाऊन बसला.

हेस्टर नाटकाचं पुस्तक हातात धरून वर चढली. पहिली दोन पानं तिनं त्यात पाहून म्हटली. पुढे पुस्तकाकडे पाहायची तिला गरजच पडली नाही. गर्दीच्या प्रवेशात तिनं डेझमंडनं न सांगितलेली एक चाल घेतली आणि डेझमंडनं ती आपल्या प्रतीत टिपून घेतली, म्हणजे त्याला ती आवडली होती. शेवट आला. सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले. थोरल्या बाईसाहेब पुढे येतात आणि एक वाक्य बोलतात की नाटक संपतं. हेस्टर पुढे आली, तिनं श्वास घेतला आणि तोंड मिटून उभी राहिली.

‘चला,’ डेझमंड म्हणाला. ‘मंगळवारी सात. आणि कपडे ज्याचे त्यानं आणायचेत.’

सगळे आपापले कोट शोधू लागले. कोणीतरी सॉसेज रोलची पिशवी फोडली. ज्युलियन मात्र धावत जिना उतरून आला आणि त्यानं हेस्टरचा हात हातात घेतला.

‘काही वाटून घेऊ नका हं,’ तो हळूच म्हणाला. ‘इतकी वाक्यं बरोबर म्हटलीत. एक गेलं तर गेलं.’

‘काय गेलं?’

‘शेवटचं. पण खरं सांगू? माझ्या अंगावर काटा आला. तेच थिएटर, तेच नाटक, तेच वाक्य. तुमची अगदी मिसेस अँबरी झाली.’

शेवटचं वाक्य गेलं नव्हतं. नाटकवाले ते तालमीत म्हणतच नाहीत. प्रेक्षक येईपर्यंत नाटक पुरं करायचं नाही, केलं तर प्रयोग बुडतो, हे तिला पहिल्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पुढे ती ते विसरूनही गेली होती, विनी रोज तिथंच थांबायची त्यातही तिला काही वेगळं वाटलं नव्हतं, पण आज वेळ आली तेव्हा तोंड आपसूक मिटलं होतं. ज्यांना हे ठाऊक होतं ते कोट घालत होते. ज्याला ठाऊक नव्हतं तो तिचा हात चोळत होता.

ती बाकावर बसली. जेमतेम दहा-बारा डोकी म्हणजे कंपनीचेच लोक. दोन मेणबत्त्या, कारण तालमीला जास्त कोण जाळतो? आणि घरची शाल, कारण थंडी होती आणि पोशाख पेटीत होता. त्या काळी पैसेवाले शौकीन लोक तालमींना खुशाल येऊन बसत, हे तर तिनं स्वतःच चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं! जहागीरदार तसाच एका तालमीला आला, बाई गप्प झालेली पाहिली, कीव केली आणि निघून गेला. तीन वर्षं हेस्टरनं ती रोजनिशी अभ्यासली होती. मेणबत्त्यांची चरबी कुठून यायची हे तिनं शोधून काढलं, आणि कोणत्याही नटीला पहिल्या वाचनात दिसलं असतं ते तिला दिसलं नाही. कारण तिला ते दिसायला नको होतं.

चहाच्या दुकानात तिनं ज्युलियनला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की हे तिचं अनुमान आहे. ती रीत तेव्हा होतीच याला आधार काय? हेस्टरला मान्य करावं लागलं की लेखी आधार नाही.

‘मग प्रश्नच मिटला,’ तो म्हणाला. ‘बारावं प्रकरण आहे तसं राहू दे. कादंबरी आहे, हेस्टर. कोण विचारतंय?’

विचारणारं खरंच कोणी नव्हतं. हेस्टर खोलीवर परतली आणि तिला रडू आलं. मिसेस अँबरींवरचा डाग पुसला गेला म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. त्या बाईंचं काही चुकलंच नव्हतं. त्या तालीम संपवून जेवायला गेल्या होत्या. ट्रे घेऊन उभी राहिलेली मुलगी आता पुन्हा एकटी पडली.

प्रयोगाच्या दिवसापर्यंत विनीचा घसा सुटला. डेझमंडनं हेस्टरला प्रॉम्प्टरच्या खुर्चीत बसवलं. नाटक पाठ असलेलं माणूस वाया कशाला घालवायचं, हा त्याचा हिशेब. थिएटर भरलं होतं. विनी फक्कड काम करत होती, तिच्याच दुकानातून गोळ्या घेऊन आलेले लोक खोकायचं विसरून हसत होते. शेवट आला. विनी पुढे आली, श्वास घेतला आणि थांबली.

आता हे थांबणं कसलं? प्रॉम्प्टरची खरी परीक्षा तीच असते. नटानं जाणूनबुजून जागा घेतली असेल आणि तुम्ही वाक्य पुरवलंत तर तो तुम्हाला जन्मभर माफ करत नाही. विनीचा चेहरा प्रसन्न होता. पण हे वाक्य तिनं आजवर कोणासमोर एकदाही उच्चारलं नव्हतं. तिचे डोळे किंचित विंगेकडे सरकले, आणि तशाच डोळ्यांनी हेस्टरनं स्वतः एकदा विंगेकडे पाहिलं होतं.

‘मेणबत्त्या आणा,’ हेस्टर कुजबुजली.

‘मेणबत्त्या आणा,’ विनी थाटात म्हणाली, ‘आज कोणी घरी जायचं नाही.’ टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

ज्युलियन पबमध्ये सगळ्यांना सांगत होता की शेवटी विनीनं काय जागा घेतली, असं थांबायला फार मोठी नटी लागते. हेस्टर हो म्हणाली. विनीनं तिला कोपऱ्यात ओढलं.

‘कोणाला कळलं नाही ना गं?’

‘नाही.’

‘मेलेच होते मी. तू नसतीस तर काय झालं असतं?’

काय झालं असतं ते हेस्टरनं तिला सांगितलं. ट्रे, हसणं, पडदा, सगळं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

विनीनं ऐकून घेतलं. ‘आणि तो प्रॉम्प्टर कुठे उलथला होता?’

‘सिगरेट ओढायला.’

‘मेल्याला माझ्या दुकानात पाठव. असं औषध देते की आठवडाभर खुर्चीवरून उठणार नाही,’ विनी म्हणाली. हेस्टरला इतकं हसू आलं की तिला ग्लास खाली ठेवावा लागला.

बारावं प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं. सकाळच्या तालमीत मिसेस अँबरी शेवटच्या वाक्याला गप्प होतात, शाल आवळतात आणि सगळ्यांबरोबर मटणाचं कालवण जेवायला जातात. संध्याकाळच्या प्रयोगात मात्र मोलकरणीचं काम करणारी एक पोर चहाचा ट्रे घेऊन येते आणि तिचं वाक्य जातं.

ज्युलियननं फोन केला. ही मुलगी कुठून आली? रोजनिशीत नाही, कशातच नाही. तिला आधार काय?

‘कादंबरी आहे,’ हेस्टर म्हणाली.

आणि पुढचं पान त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. पोर विंगेकडे पाहते. प्रॉम्प्टरची खुर्ची रिकामी आहे. पण खुर्चीमागे, तपकिरी शाल पांघरून, आपल्या प्रवेशाची वाट पाहत मिसेस अँबरी उभ्या आहेत, आणि त्या तिला वाक्य देतात.