पोटावर पाच थोर, गाव तुला

१९७६ सालचा जुलै. सौदी अरेबियातल्या बुरैदाच्या बाजारात नवा खजूर यायला पंधरा दिवस होते. त्या उन्हाळ्यात मी चोरीचा माल ठरलो.

मी समोवर. पितळेचा. पोटात निखारे घेऊन चहाचं पाणी उकळणारा. शाळा पाहिली नाही. अंगावरची अक्षरंही मला वाचता येत नाहीत. पण जन्म रशियातल्या तुला शहरातला, आणि तिथं समोवर घडवणं ही चेष्टा नव्हे.

माझ्या पोटावर त्या शहरातल्या पाच थोर पुरुषांचे चेहरे उठवले आहेत. एकाने बंदुका केल्या. एकाने दवाखाना बांधला. उरलेल्या तिघांनी माझ्या कारखानदाराला पैसे दिले. चेहरे त्यांचेच मोठे.

बुखारा शहरातल्या एका यात्रेकरूने मला विकत घेतलं. तो हजला आला आणि या मुलखातच राहिला. त्याचा मुलगा नसरुद्दीन खजूरबाजारात चहा विकायचा. माझी तोटी गळू लागली, तरी बापाची वस्तू म्हणून तो मला टाकेना.

एक दिवस गुणाजी चहाला आला. गुहागरचा पाइप-फिटर, जवळच्या कॅम्पात राहणारा. अरबी दोन शब्दांची. माझ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "मिन वेन? कुठला हा?"

नसरुद्दीन अभिमानाने म्हणाला, "तुला!"

"मला?" गुणाजीने छातीवर हात ठेवला.

"तुला, तुला!" नसरुद्दीनने मान डोलावली आणि गळकी तोटी दाखवली.

गुणाजीला वाटलं, हा चार मराठी शब्द शिकलाय आणि गळकं भांडं बक्षीस देतोय. नसरुद्दीनला वाटलं, फिटर तोटी दुरुस्तीला नेतोय. दोघे खुशीत. मला कोणी विचारलं नाही.

कॅम्पात नेऊन गुणाजीने तोटी अशी बसवली की थेंब सुटेना. मग लिंबू आणि रेती. थोर पुरुष चकाकले. कॅम्पवाल्यांनी त्यांतल्या दाढीवाल्याला कफील, म्हणजे व्हिसा देणारा अरब मालक केलं, टकल्याला फोरमन. फोरमनवर ज्याचा राग, तो टकल्याला जास्त घासायचा. तीन आठवड्यांत फोरमनचं नाक गेलं.

मग दापोलीचा हारून धापा टाकत आला. बाजारात त्याचं दुकान. "गुणाजी, मेलास! नसरुद्दीन म्हणतोय, समोवर चोरलास. उद्या पोलिसात जाणार. इथं चोराचा हात तोडतात, ठाऊक आहे ना?"

"त्याने दिला. स्वच्छ म्हणाला, तुला."

हारून हसत सुटला. मग पोट धरून खाली बसला. "अरे येड्या, तुला म्हणजे गाव! रशियातलं!"

"गावाचं नाव तुला? मग शेजारच्या गावाचं काय, मला?"

पण गुणाजी हसला नाही. फिटरचा हात गेला तर उरतं काय? मला काखेत मारून तो तसाच बाजारात आला.

हारूनने घडलेलं सगळं अरबीत सांगितलं, तुलाचा मराठी अर्थही सांगितला. नसरुद्दीनने तोटी उघडली, बंद केली. थेंब नाही. मग त्याचं बोट टकल्याच्या चेहऱ्यावर थांबलं. गुणाजीने मान खाली घातली.

"हा कोण होता, ते माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं," नसरुद्दीन म्हणाला. "मजुरी किती?"

हारूनने गुणाजीला ते मराठीत विचारलं.

"सांग त्याला, चोराला मजुरी नसते," गुणाजी म्हणाला.

नसरुद्दीनने पाणी भरलं. त्याने मला पेटवलं. पाणी उकळलं तसा पहिला पेला भरला आणि गुणाजीपुढे सरकवला.

"तुला," तो म्हणाला.

गुणाजीने पेला रिकामा केला. फिट्टंफाट.