पावसासाठी घेतलेली गाडी

मी विजेवर चालणारी गाडी बोलतेय. साधीसुधी नव्हे हं. उंच, जाड टायरांची, डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी. कारखान्यात माझं खालचं अंग असं बंद करून दिलंय की कमरेएवढ्या पाण्यात उभी केली तरी आत थेंब जायचा नाही. आणि माझं आयुष्य गेलं कुठे? पत्र्याखाली. तीन भिंती आणि एक गेट. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

आमच्या मालकांचं गाव पावसाचं. ढग एकदा येऊन बसले की उठायचं नाव घेत नाहीत. मालकांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, "आता दिसतं का? आता?" असल्या बैठ्या माणसाला डोंगर चढायची हौस आली ती एका जाहिरातीमुळे. जाहिरातीत माझ्यासारखीच एक चिखल उडवत चढाव चढत होती. मालकांनी ती जाहिरात बायकोला दाखवली.

बाई म्हणाल्या, "छान आहे. पण कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझे बाबा! पाऊस लागला की त्यांच्याकडची बस बंद. आता भर पावसात जायचं. बस गेली उडत."

"नक्की?"

"अगं, म्हणून तर घ्यायची."

बाईंचे वडील डोंगरापलीकडच्या वाडीत एकटे राहतात. लेकीकडे या म्हटलं तर म्हणतात, माझ्या कोंबड्यांना कोण बघेल. मालकांचं ते एक वाक्य बाईंनी घट्ट धरून ठेवलं. मी घरी यायच्या आधी त्या गाडी शिकल्या, लायसन काढून मोकळ्या झाल्या.

मी ट्रकवरून आले तेव्हा ऊन होतं. अख्खी गल्ली बघायला जमली. मग एक सर आली आणि शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, विजेची गाडी आणि पावसात? शॉक बसून मरायचंय का?" मालक मोठ्याने हसले. समजावून सांगितलं, असं काही होत नसतं. पण त्या दिवसापासून मला हात लावायच्या आधी ते पायात रबरी चपला घालायला लागले. माणसाचं हे असं असतं. तोंड एक बोलतं, पाय दुसरंच बोलतात.

मग त्यांनी माझ्यासाठी शेड बांधायला काढली. मला अंगणात ताडपत्रीखाली उभी ठेवली आणि माझ्याभोवती भिंती उभ्या केल्या. मला बाहेर का नाही काढलं? पाऊस होता. मी भिजले असते. माझी रुंदी मालकांनी माहितीच्या पुस्तकातून उतरवून गवंड्याला दिली, तेवढंच माप. दोन खांब उभे राहिले. त्यांवर गिलावा चढला. गिलाव्यावर लोखंडी चौकट बसली, चौकटीत गेट. सगळं झाल्यावर मालक आत बसले, आरसे मिटले आणि हळूच मला पुढे घेतलं. डावीकडे चौकट, उजवीकडे चौकट. चार बोटं कमी.

मालक गवंड्यावर खेकसले, "ही बाहेर कशी काढायची?"

गवंडी म्हणाला, "बाहेर काढायची होती होय? मला वाटलं, ठेवायची आहे."

बाई खिडकीत उभ्या राहून हसल्या. तेव्हा हसल्या. पुढे त्यांचं हसू आटलं.

खांब पाडायला कितीसा वेळ लागतो? पण मालकांनी गल्लीभर शेड दाखवली होती. पाडायची म्हणजे चूक कबूल करायची. पावसात म्हणायचे, "आता कुठे सिमेंटची कामं? ओल आहे. ऊन पडू दे." ऊन पडलं की म्हणायचे, "आता कोरड्या रस्त्यावर हिला काढून काय करायचं? ही पावसाची गाडी. पावसाळा येऊ दे." असे पावसाळे येऊन गेले. माझ्या टायरांवरचे रबराचे बारीक केस, जे पहिल्या फेरीतच घासून जातात, ते अजून तसेच होते. तरण्या पोरीला म्हातारपण यावं तसं मला झालं.

आता बाईंचंही सांगते. त्यांना सोडणार नाही. बाई घरी लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देतात. पावसात कपडे वाळत नाहीत, ही त्यांची जन्माची कटकट. एक दिवस त्यांनी माझा हीटर लावला, दारं उघडी टाकली आणि माझ्या टपावरच्या कॅरियरला दोऱ्या बांधल्या. वीज गेली की इस्त्रीची वायर माझ्या मागच्या प्लगमध्ये. तो प्लग कशासाठी? रानात तंबू ठोकला तर दिवा लावायला. त्यावर मी कुणाकुणाच्या विजारी कडक करून दिल्या. आरशांवर मोजे. स्टिअरिंगवर टोप्या. बाई कपडे उलटे-सुलटे करता करता माझ्याशी बोलायच्या, "तू पण इथेच आणि मी पण इथेच." मला राग यायचा. मी म्हणायचे, मनातल्या मनात, तुला पाय आहेत बाई, तू नीघ.

आणि सुट्टीचा दिवस म्हणजे तर माझी विटंबना. मालक जेवून यायचे, रबरी चपला घालून माझ्यात बसायचे, सीट मागे टाकायचे आणि माझ्याच स्क्रीनवर दुसऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचे. चिखलात लोळणाऱ्या, दगडावर चढणाऱ्या गाड्या. वर पत्र्यावर पाऊस वाजतोय, समोर गेट बंद, आणि मालक म्हणतायत, "वा! काय काढली बाहेर!" मग उतरून मऊ फडक्याने मला पुसायचे. कोरडी असताना पुसायचे! प्रेम होतं हो, नाही कसं म्हणू. पण त्या प्रेमाने माझा जीव गुदमरायचा.

या पावसाळ्यात बाबांचा चष्मा फुटला. कोंबडीने पाडला आणि बाबांनीच त्यावर पाय दिला. मालकांकडे नंबर होताच, नवा चष्मा लगेच तयार झाला. डबीत घालून दुकानातून घरी आला. पुढे कसा जाणार? बस बंद.

बाई माझ्या बॉनेटला टेकून वडिलांशी फोनवर बोलत होत्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, कसं चाललंय?"

"चाललंय की. चाचपत चाललंय."

"आणि गोळ्या?"

"गोल ती सकाळची, लांबट ती रात्रीची. काल दोन्ही गोलच लागल्या हाताला. घेतल्या आणि दिवसभर भिंती फिरत होत्या बघ." आणि म्हातारा हसला. बाई नाही हसल्या. त्यानंतर वाडीचा फोनच लागेना.

सकाळी बाईंनी मालकांना चहा दिला आणि समोर उभ्या राहिल्या. "अहो, चष्मा पोचवायचा कसा?"

"बस सुरू झाली की ड्रायव्हरच्या हाती देतो."

"बस पाऊस थांबल्यावर सुरू होणार."

"मग थांबेल की पाऊस."

"आणि ही?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"अगं, ही कशी निघेल? गेटचं तुला माहीत आहे ना."

"गेटचं मी बघते," बाई म्हणाल्या.

त्या मागच्या खोलीतून पहार घेऊन आल्या. बाह्या वर सारल्या आणि उजव्या खांबावर पहिला घाव घातला. गिलाव्याचा तुकडा उडाला तो थेट माझ्या बॉनेटवर. चरा पडला.

मालक किंचाळले, "अगं, रंग!"

"रंग राहू द्या. तिकडे बाबा अंदाजाने गोळ्या गिळतायत."

मालक छत्री घेऊन धावले. मला वाटलं, बायकोवर धरतील. धरली माझ्या चऱ्यावर! बाईंनी एकदा बघितलं आणि पुढचा घाव असा घातला की चौकट वाकली. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, भिंत पाडतेस?" बाई म्हणाल्या, "नाही काकू, दार करतेय. राहून गेलं होतं."

खांब पडला. बाईंनी माझ्यावरचे कपडे काढून मालकांच्या हातात कोंबले. चार्जिंगची केबल माझ्या अंगातून ओढली, गुंडाळली आणि रोजच्यासारखी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. हा नीटनेटकेपणाच नडला. मला दिसत होतं. पण मला हॉर्न आहे, वाचा नाही.

"येताय?" बाईंनी विचारलं.

"दुकान आहे," मालक म्हणाले. हातात लोकांच्या चादरी.

"मग बसा."

गेटच्या बाहेर माझं तोंड निघालं आणि टपावर कितीतरी पावसाळ्यांनंतर पाऊस पडला. पत्र्याचा आवाज नाही. माझा स्वतःचा. बाई पहिल्या वळणावर घाबरल्या, दुसऱ्यावर शिव्या दिल्या, तिसऱ्यावर सावरून बसल्या आणि मग आम्ही दोघी चढायला लागलो. चिखल उडाला तो काचेवर, दारांवर, आरशांवर. मोज्यांपेक्षा बरा.

डोंगराच्या खांद्यावर ओढा रस्त्यावरून वाहत होता. पाण्यात मी किती खोल जाऊ शकते, ते मालकांनी इतक्यांदा सांगितलं होतं की बाईंना पाठ होतं. तरी त्या उतरल्या. बघता बघता समोरून अख्खं खोड वाहत गेलं. बाईंनी माझ्या दारावर थाप मारली. "तू बुडायची नाहीस, पण वाहून जाशील आणि मलाही नेशील." आत येऊन बसल्या, चष्म्याची डबी मांडीवर. काठावरचा एक काळा दगड बघत राहिल्या. पाणी उतरत गेलं तसा दगडाचा माथा दिसला, मग खांदे दिसले, तेव्हा त्यांनी मला पाण्यात घातलं. माझ्या पोटाला पाणी लागलं, गार, जोराचं. टायरांनी खालचे दगड धरले, एकेक करून. आत थेंब गेला नाही. कारखान्यातल्या माणसांनो, तुम्ही खोटं बोलला नव्हतात.

बाबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. "कोण? बस सुरू झाली का?"

"नाही बाबा. मी आले."

"कशात?"

बाईंनी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. म्हाताऱ्याने आधी लेकीचा चेहरा बघितला, बराच वेळ. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "ही ती गाडी? मला वाटलं, फोटोतच असते."

बाई आत गेल्या आणि आधी गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत भरल्या. मग चूल, मग चुलीशी चाचपताना भाजलेल्या बाबांच्या बोटाला मलम. मी अंगणात होते. पावसाने जमीन लोण्यासारखी झाली होती आणि मी जड. हळूहळू चाकं रुतली. चढावर माझा जीव खर्ची पडला होता, स्क्रीनवर बॅटरीची लाल खूण लुकलुकत होती. आणि वाडीत वीज नव्हती. वरचा विजेचा खांब कोसळला होता. खांबांचा आणि माझा काय संबंध आहे कोण जाणे.

"वीज आली की लावू हिला," बाई म्हणाल्या आणि केबल काढायला माझं मागचं दार उघडलं. आत मालकांचा तंबू, प्लास्टिकसकट. घडीच्या खुर्च्या, किमतीची चिठ्ठी न काढलेल्या. पॉलिशच्या बाटल्या. मऊ फडकी. केबल नाही. बाई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते खिडकीतलं जुनं हसू परत आलं. मग रेंज मिळावी म्हणून अंगणालगतच्या उंच खडकावर चढून मोबाइलवरून मालकांना म्हणाल्या, "अहो, केबल."

"कुठे आहे?"

"तुमच्या भिंतीवर."

त्यानंतर फोन कटला, की त्यांनी ठेवला, मला माहीत नाही.

आज दुपारी, ओढा ओसरल्यावर, मालक आले. चालत. बस नाही, रस्ता ओला, दुकानातले चकचकीत बूट चिखलाने ओळखू येत नव्हते. केबल गळ्यात अडकवलेली, पाण्यापासून वाचवायला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. स्वतः मात्र नखशिखांत भिजलेले. मला वाटलं, आधी माझा चरा बघतील. ते माझ्यापाशी आले आणि पुढे निघून गेले. दारात उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "बाबा, आता दिसतं का?"

"मला दिसतं," बाबा म्हणाले. "तुम्हालाच दिसत नाही. द्या इकडे." आणि म्हाताऱ्याने जावयाचा वाफ धरलेला, थेंबाळलेला चष्मा काढून स्वतःच्या सदऱ्याला पुसून दिला.

मालकांनी चष्मा लावला, इकडे तिकडे बघितलं. "वीज कुठे आहे?"

"नाही आली," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी हे एवढं..."

"हो. आधी चहा प्या."

आता मालक माझ्या पायरीवर बसलेत. ओल्या कपड्यांनी, खाली फडकं न घालता. पायात रबरी चपला नाहीत. हातात कप. टपावर कोंबड्या. मधूनच म्हणाले, "गेटचा खांब तो... जरा रुंद बांधून घेऊ." बाईंनी ऐकलं, पण उत्तर दिलं नाही. म्हणून मी देते.

मालक, खांब पडलाय तो पडू द्या. चौकट भंगारवाल्याला द्या. कपडे वाळवायला बाईंना पत्रा राहू दे, पण दोऱ्या भिंतीला बांधा, मला नको. मी आत्ता रुतलेली आहे, रिकामी आहे, वीज आल्याशिवाय इंचभर हलता येणार नाही. चालेल. इथे तरी वर आभाळ आहे. आणि ज्यांच्या ज्यांच्या दारात माझ्या बहिणी कापडं पांघरून उभ्या आहेत, त्या सगळ्यांना सांगते. आम्हाला पुसत बसू नका. आधी भिजवा, मग पुसा. कुणीतरी डोंगरापलीकडे तुमची वाट बघत चाचपडत असेल, त्याच्याकडे न्या.

निघताना केबल तेवढी विसरू नका.