भिंग यांचं भाषण

"वक्तृत्व, दहापैकी दहा!" बायकोनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला आणि पोट धरून हसायला लागली. "अहो, हे तुमच्याबद्दल लिहिलंय?"

तोही हसला. हसताना तो कधी अडखळत नसे.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. गिऱ्हाइकांशी बोलायची वेळ यायची नाही, म्हणूनच ही नोकरी त्यानं धरून ठेवली होती. तो लहानपणापासून तोतरा. त्यानं वाक्य सुरू केलं की समोरचा ते घाईघाईनं पुरं करून टाकायचा. चांगल्या मनानंच, पण बऱ्याचदा भलतंच. त्याला चहा हवा असायचा आणि हातात चावी यायची. मग तो मुकाट्यानं चावी घ्यायचा.

राजकारणावर वाद घालणाऱ्या एका ऑनलाइन गटात मात्र तो 'भिंग' होता. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिथं लिहीत बसायचा. गावाचा पाणीपुरवठा कंत्राटदाराला द्यावा की नाही, यावरून तिथं वर्षभर रण माजलं होतं. त्यातच कुणीतरी टूम काढली, सगळ्यांनी एकमेकांच्या स्वभावाला उघडपणे गुण द्यायचे. प्रामाणिकपणा, संयम, व्यवहारज्ञान, वक्तृत्व.

"आणि या तोफेनं काय दिलंय बघा," बायको म्हणाली. 'तोफ' म्हणजे विरुद्ध तटातला त्याचा हाडवैरी. "व्यवहारज्ञान दोन. वक्तृत्व दहा!"

आता तो हसला नाही. त्यानं मोबाइल हातात घेतला आणि एकेक नाव खाली सरकवत राहिला. न पाहिलेल्या माणसांनी त्याचं लिहिलेलं इतकं मन लावून वाचलं होतं.

गटाच्या पहिल्या मेळाव्यात बोलायचा मानही त्यालाच मिळाला.

"घसा बसलाय म्हणून कळवू या," बायको हळूच म्हणाली.

"न-नको. त्यांनी द-दहा दिलेत. त... त..."

तिनं ओठ घट्ट मिटून धरले.

"...तोंड तरी दाखवायला हवं."

रविवारी सकाळी शाळेचं सभागृह भरलं होतं. नाव पुकारल्यावर टाळ्या झाल्या. तो माइकसमोर उभा राहिला. पहिलाच शब्द 'पाणी'.

"प... प... प..."

टाळ्या विरल्या. कुणीतरी फिसकन हसलं. "पक्ष?" मागून एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "पैसा म्हणायचंय त्यांना."

 तो पायरी उतरायला वळला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक वयस्क बाई काठी टेकत उठल्या. "मी तोफ," त्या म्हणाल्या. सभागृहात कुजबुज झाली. तोफ बाई असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. "जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचं ऐकलंय मी. आणि या माणसाशी वर्षभर भांडतेय. त्याचं बोलणं तोडायचा हक्क असलाच तर तो माझा, तुमचा नाही." मग त्याच्याकडे बघून, "बोला हो. मला आज घाई नाही."

त्या बसल्या. तो परत माइकपाशी आला.

'पाणी' आलं. त्याच्यामागून बाकीचे शब्दही आले, ठेचाळत, थांबत. प्रत्येक थांब्यावर फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. कुणी हललं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. माणसांनी गच्च भरलेलं सभागृह आपल्या पुढच्या शब्दासाठी श्वास रोखून बसलंय, हे बघून त्याच्याच अंगावर काटा आला. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं त्याला वाटलं.

मेळावा संपल्यावर तो आणि त्या बाई बसथांब्यावर भेटले.

"तुमचं सगळं चूक आहे," बाई म्हणाल्या. "कंत्राटदार नको म्हणता, मग गळक्या नळांचं काय? द्या उत्तर."

त्यानं तोंड उघडलं. "न... न..."

बस येऊन थांबली. "आजी, येताय ना?" कंडक्टर ओरडला.

त्यांनी हातानंच पुढे जा म्हणून खुणावलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवून त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

बस निघून गेली. तो अजून पहिल्याच शब्दावर होता.